हेर्लेकर सरांनी दिलेली नावं

हेर्लेकर सरांची मला किळस यायची, हे आधीच सांगून टाकते. जुन्या सहकाऱ्याविषयी लिहायला बसलं की हात आपोआप गोड होतो, आणि ज्याच्याशी आपण वर्षानुवर्षं धड दोन वाक्यं बोललो नाही तो माणूस कागदावर एकदम 'मिश्कील' आणि 'वरून कठोर, आतून हळवा' होऊन बसतो. हेर्लेकर सर मिश्कील नव्हते. आतून हळवे असतील तर त्यांनी ते फारच खोल ठेवलं होतं. सध्या ते निवृत्त आहेत, तब्येत ठणठणीत आहे आणि पुण्याला मुलाकडे असतात असं कळतं. तिथल्या सोसायटीतही कुणाच्या तरी घराला किंवा पोराला नाव देत असतील.

आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे आणि मी भूगोल. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या शेजारी होती. ही जागा मी निवडलेली नव्हती. मी रुजू झाले तेव्हा तेवढी एकच खुर्ची रिकामी होती, आणि ती रिकामी का होती हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. सरांना कान कोरायची सवय होती. खिशातून स्कूटरची किल्ली काढायची, डोळे अर्धवट मिटून ती कानात फिरवायची, मग किल्लीच्या टोकाला काय आलंय ते चष्मा वर करून बघायचं आणि टेबलाच्या खालच्या बाजूला पुसून टाकायचं. त्या मळालाही त्यांच्याकडे शब्द होता, 'सिरूमेन'. ते तो असा उच्चारायचे की ऐकणाऱ्याला वाटावं एखादी मिठाई असेल. एकदा माझं पेन खाली पडलं म्हणून मी वाकले आणि टेबलाची ती खालची बाजू मला दिसली. त्यानंतर पेन पडलं की मी ते तिथेच सोडून द्यायला लागले.

आणि हा माणूस जगाची किळस करायचा. मुलांच्या वह्या फुटपट्टीने उघडायचा. आमचे क्रीडाशिक्षक चौगुले सर डब्यात खर्डा-भाकरी आणायचे, तर हेर्लेकर सर खिडकीकडे तोंड करून बसायचे आणि रुमालाने नाक झाकायचे. चहाचा कप त्यांचा स्वतःचा होता, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवलेला. तो आमचे शिपाई शंकरमामा वेगळ्या साबणाने, गरम पाण्याने धुऊन आणायचे. मामांनी कप टेबलावर ठेवला की सर आधी त्याचा कान रुमालाने पुसायचे, कारण मामांचं बोट तिथे लागलेलं असायचं. हे मामांच्या समोर चालायचं. मामा ट्रे उचलून पुढच्या टेबलाकडे जायचे.

स्टाफरूमच्या फळ्यावर ते रोज एक इंग्रजी शब्द लिहायचे. वर्तमानपत्रात, पाठ्यपुस्तकात, सिनेमात कुठेही न भेटणारा. कुणाला शिंक आली की दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'स्टर्न्यूटेशन'. कुणी जांभई दिली की 'ऑसिटन्सी'. सुरुवातीला मला त्याचं कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. एवढे शब्द जमवायचे, त्यांचे उच्चार धडपडून शोधून काढायचे, जीभ कुठे टेकवायची आणि कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा ते आरशासमोर घोकायचं, हे काही खायचं काम नाही. त्यांचा उच्चार खरोखरच चोख होता. पण लवकरच माझ्या लक्षात आलं की फळ्यावरचा प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या घाणीचा होता. ढेकर, पू, शेंबूड, घामाचा वास, नखातला मळ. ज्याला दुसऱ्याच्या बोटाचा डाग चालत नव्हता, तो माणूस घरी जाऊन संध्याकाळभर हेच गोळा करत बसायचा. फुलाचा, पक्ष्याचा, नदीचा शब्द मी त्या फळ्यावर कधी पाहिला नाही.

शब्द लिहिला की ते कुणाला तरी तो म्हणायला लावायचे. "अर्थ कुणीही सांगेल, उच्चार करून दाखवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं वाक्य त्याहून वाईट होतं. ते म्हणायचे, माणूस रोज आंघोळ करतो की नाही हे त्याच्या उच्चारावरून कळतं. एकदा मीटिंगमध्ये मुख्याध्यापक निकालाबद्दल बोलत असताना चौगुले सरांचं पोट गुरगुरलं. सगळ्यांनी ऐकलं, कुणी हसलं, विषय संपला. सकाळी फळ्यावर 'बॉर्बरिग्मस'. म्हणजे पोटात वायू फिरण्याचा गुरगुराट. आणि तो म्हणायचा मान अर्थातच चौगुले सरांना. चौगुले सर गारगोटीकडचे, मैदानावर शिट्टीशिवाय हाक ऐकू जाणारा गडी. त्यांनी भर स्टाफरूममध्ये खणखणीत आवाजात "बारबरीगमास" म्हणून टाकलं. हेर्लेकर सरांनी डोळे मिटले, रुमाल काढला आणि कानात काहीतरी उडाल्यासारखा कान पुसला. चौगुले सर म्हणाले, "आवाज मराठीत आलाता न्हवं सर? मग झालं की." आम्ही हसलो. सर हसले नाहीत. पुढे कितीतरी दिवस चौगुले सर जवळून गेले की ते अंग आखडून घ्यायचे.

माझ्याशी मात्र ते बरे वागायचे, आणि त्याचाच मला जास्त वीट यायचा. वडिलांच्या बदल्यांमुळे माझं शिक्षण कॉन्व्हेंट शाळांत झालं होतं. एकदा फळ्यावरचा शब्द मी नुसता वाचला, तो नेमका बरोबर निघाला, आणि त्या दिवसापासून सरांनी मला आपल्यातली ठरवून टाकलं. कुणी चुकीचं बोललं की ते माझ्याकडे बघून बारीक मान हलवायचे. मी वह्यांत डोकं घालायची. आपण एखाद्याला आवडत नाही हे सहन करता येतं. नको त्या माणसाला आवडणं फार जड जातं.

आता त्यांच्या शब्दांना गिऱ्हाईक कसं लागलं ते सांगते. गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नाही ते आपल्या दारात पाहिजे, ही आमच्या कोल्हापूरची जुनी हौस. पूर्वी ती म्हशीची शिंगं रंगवून किंवा गाडीला वेगळा हॉर्न लावून भागायची. अलीकडे ती नावांवर आली आहे. पोराचं नाव, बंगल्याचं नाव, मंडळाचं, दुकानाचं, सगळं असं पाहिजे की वाचणाऱ्याने थांबून विचारावं, हे काय हो? हेर्लेकर सरांकडे कुणाला ठाऊक नसलेले इंग्रजी शब्द आहेत, ही बातमी पालकांमध्ये पसरायला वेळ लागला नाही. लोक शाळा सुटायच्या वेळी येऊन फाटकाशी उभे राहायचे. सर त्यांच्यापासून दोन हात अंतर राखून, ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी नाव द्यायचे. पैसे घेत नसत. कागदावर शब्द नेहमी मराठी अक्षरांतच लिहून द्यायचे, अर्थासकट. इंग्रजी स्पेलिंग विचारलं तर म्हणायचे, पाहिजे तसं करा, अंकशास्त्रवाल्याला विचारून घ्या. लोकांना त्यात मोठेपणा वाटायचा. त्यामुळे कुणी मोबाईलवर शोधायला गेलंच तरी त्याच्या हाती काही लागायचं नाही.

शिरोली एमआयडीसीत फाउंड्री असलेले दिनकरराव म्हणून एक पालक होते. त्यांनी बंगला बांधला आणि सरांनी त्याला नाव दिलं 'इजेस्टा'. अर्थ सांगितला, शिखरावरचं घर. दिनकरराव असे खूश झाले की पाटी बाहेर करायला न टाकता त्यांनी आपल्याच फाउंड्रीत ती अक्षरं बिडाची ओतून घेतली, हातभर उंचीची, आणि सोनेरी रंग देऊन फाटकावर बसवली. वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो होतो. जेवणाच्या आधी सरांना फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. दुसऱ्याचं बोट लागलेला कप पुसून घेणारे सर ते सगळं मुकाट्याने बांधून घेत होते, आणि त्यांची नजर सारखी फाटकावरच्या त्या अक्षरांकडे जात होती. चेहऱ्यावर असं समाधान मी त्यांच्या कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, चला, माणूस आहे, मान मिळाला की खुलतो.

मग शाळेमागच्या गल्लीतली पोरं आली. गणपतीच्या मिरवणुकीला त्यांना एकसारखे टी-शर्ट करायचे होते आणि ग्रुपला नाव पाहिजे होतं. सरांनी 'सॉर्डीज' दिलं. अर्थ, निर्भय योद्धे. काळ्या टी-शर्टवर चांदीच्या अक्षरांत 'सॉर्डीज बॉईज' छापून पोरं वर्षभर गावभर फिरली. त्यांच्यातल्या कुणाचा वाढदिवस आला की चौकातल्या फ्लेक्सवर तेच नाव झळकायचं. सर शाळेत येताना मुद्दाम त्या चौकातून यायचे, हे चौगुले सरांनी मला सांगितलं होतं.

शंकरमामांनी मात्र इतक्या वर्षांत सरांकडे काही मागितलं नव्हतं. मामांचं गाव गगनबावड्याच्या रस्त्याला. थोडी शेती, दोन म्हशी, रोज पहाटेची एसटी. एकुलती एक मुलगी सुरेखा, तिच्या लग्नाला बरीच वर्षं झालेली आणि मूल नव्हतं. डॉक्टर झाले, देव झाले, लोकांचे टोमणे खाऊन झाले. त्या उन्हाळ्यात तिला मुलगी झाली तेव्हा मामांनी स्टाफरूममध्ये प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला. सरांसाठी पेढा वेगळ्या कागदात बांधून आणला होता, हात न लावता. पोर अगदी अशक्त होती, महिनाभर दवाखान्यातच होती, म्हणून बारसं लांबणीवर पडलं होतं. ते जुलैत ठरलं. पहिलटकरणीचं बारसं माहेरी, म्हणजे मामांच्या घरी. आणि मामा ट्रे बाजूला ठेवून सरांपुढे उभे राहिले.

"सर, नातीला एक नाव द्या की. लई वाट बगाय लावून आलीया. कुणाचं नसंल असं द्या."

सरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच. म्हणाले, उद्या देतो. दुसऱ्या दिवशी कागद दिला. 'ओझीना'. अर्थ, पहाटेचा वारा. मामांनी तो कागद कपाळाला लावला. नाव म्हणून बघताना ते अडखळले, तर सरांनी त्यांना दोनदा म्हणून दाखवलं. झ झाडातला, झेंड्यातला नव्हे. आणि जोर मधल्या अक्षरावर. मामा कप धुतानासुद्धा ते नाव पुटपुटत होते, आणि मला बरं वाटलं होतं.

बारशाला दोन दिवस राहिले असतील. बाहेर पाऊस, आम्हा दोघांचा तास रिकामा, स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नाही. मामांची आमंत्रणपत्रिका सरांच्या टेबलावर होती. सरांनी किल्ली काढली, कानात घातली आणि हसायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. ते नाकातून हसत होते. मी वर पाहिलं, तर म्हणाले, मॅडम, तुम्हाला म्हणून सांगतो, बाकीच्यांना यातली मजा कळायची नाही.

आणि त्यांनी सांगितलं. हळू आवाजात, एखादा पदार्थ चवीने खावा तसं, एकेक करून. इजेस्टा म्हणजे शरीराने बाहेर टाकलेला मैला. सॉर्डीज म्हणजे तापाने पडलेल्या माणसाच्या दातांवर आणि ओठांवर जमणारा घाण थर. अशी कितीतरी नावं त्यांनी या शहरात लावून ठेवली होती, दुकानांवर, गाड्यांवर, एका हॉटेलवरसुद्धा. रोज शाळेत येताना ती वाचत येतात म्हणाले, तेवढीच करमणूक. "यांना कशावर काय लिहिलंय ते कळत नाही, मॅडम. मिरवतात. फेटे बांधतात." मी विचारलं, आणि ओझीना? सरांनी डोळे मिटले. हा त्यांचा सगळ्यात आवडता शब्द होता, त्यांनी तो राखून ठेवला होता.

त्यांनी स्पेलिंग सांगितलं आणि मी तिथेच मोबाईल काढून अर्थ पाहिला. तो नाकाचा रोग आहे. आतलं अस्तर झिजतं, हिरवट खपल्या धरतात आणि श्वासाला अशी सडकी घाण येते की शेजारचा माणूस उठून जातो. रोग्याची वास घ्यायची शक्तीच गेलेली असते, त्यामुळे त्याला स्वतःला काही कळत नाही.

मी उठून खिडकीपाशी गेले आणि गजांना धरून उभी राहिले. दवाखान्यातून कशीबशी घरी आलेली ती पोर, तिला उद्या शाळेत हाक मारतील, तिच्या लग्नाच्या पत्रिकेत हे छापतील, आणि एक दिवस कुठल्यातरी दवाखान्यात डॉक्टर केसपेपर वाचून तिच्या तोंडाकडे बघेल. मी सरांना म्हटलं, हे तुम्ही आजच्या आज मामांना सांगा. ते म्हणाले, काय फरक पडतो, ती लोकं कधी डिक्शनरी उघडणार आहेत? मग किल्ली टेबलाखाली पुसली आणि तासाला निघून गेले.

मधल्या सुट्टीनंतर मी टाकीपाशी गेले. मामा कप विसळत होते, सरांचा कप बाजूला वेगळा ठेवलेला. मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मामांनी नळ बंद केला. हातातला कप पालथा घातला. मला वाटलं, विश्वास बसला नसेल. मग त्यांनी विचारलं, "आजाऱ्याला सोताला वास येत न्हाय म्हंतासा?"

मी म्हटलं, नाही येत.

"मग बरं हाय त्येचं," मामा म्हणाले. त्यांनी नळ सोडला आणि सरांचा कप वेगळ्या साबणाने रोजच्यासारखा धुतला. म्हणाले, सरांना काही बोलू नका बाई, आमंत्रण दिलंय ते दिलंय, फेटा बी आणलाय.

बारशाला सर जाणार नाहीत असं मला वाटत होतं. पण ते आले. चौगुले सरांच्या गाडीत मी आणि आणखी दोघी होतो, आणि हा माणूस भर पावसात रेनकोट घालून तेवढ्या लांब स्कूटरवर आला. तो शब्द पोरीच्या कानात पडताना त्यांना बघायचा होता. दारात चिखल, आत बायकांची गर्दी, ओल्या पातळांचा वास. सर भिंतीला न टेकता रुमाल नाकाशी धरून उभे होते. हातावर घुगऱ्या आल्या, त्या त्यांनी तशाच खिशात टाकल्या.

पाळणा म्हणून झाला. पोरीची आत्या वाकली, तिने कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र केलं, बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत हसत हसत बुक्के घातले, आणि तिने मान वर करून नाव सांगितलं. कस्तुरी.

सरांनी रुमाल नाकावरून काढला. त्यांनी आधी मामांकडे पाहिलं आणि मग सावकाश माझ्याकडे. मी नजर खाली घातली नाही. तेवढ्यात मामा फेटा घेऊन आले आणि सरांना खुर्चीवर बसवून त्यांनी स्वतःच्या हाताने तो बांधला, चांगला तुरा काढून, शेमला पाठीवर सोडून. शाल घातली, नारळ दिला. मग पाहुण्यांना म्हणाले, सरांनी नातीसाठी फार मोठं इंग्लिश नाव शोधून दिलं होतं, सगळी संध्याकाळ खर्च करून. पण नाव एवढं जड, आमच्या लेकराला पेलणार नाही. आणि सरांसारख्या माणसाचा शब्द वाया घालवणंही बरं नव्हे. "म्हणून आमी ते गोठ्यात दिलंय. या की सर. तुमचं नाव हाय, पयली हाक तुमीच मारायची."

सरांना नाही म्हणता आलं नाही. भोवती सगळं गाव, डोक्यावर फेटा, हातात नारळ. मामांनी त्यांचा हात कोपरापाशी धरला होता, अगदी आदराने. माणसं वाट देत गेली आणि सर अंगणातला चिखल तुडवत गोठ्यात पोचले. मागोमाग आम्ही. गोठ्यात पावसाने शेण-मूत एक होऊन पायांखाली पातळ झालेलं, त्यात सरांचे पॉलिश केलेले बूट. म्हशीशेजारी नुकतं झालेलं रेडकू बांधलं होतं. मादी होती. नाकातून शेंबडाची लड लोंबत होती.

"मारा की हाक, सर," मामा म्हणाले.

कुणी हसलं नाही. पाहुण्यांपैकी बहुतेकांना त्यात हसण्यासारखं काही आहे हे माहीतच नव्हतं. ते कौतुकाने थांबले होते, मास्तर काय म्हणतात ते ऐकायला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. रेडकाने मान लांब करून त्यांच्या बाहीवर नाक पुसलं, मग फेट्याचा शेमला तोंडात धरला आणि चघळायला सुरुवात केली. सर ताठ उभे होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. शेमला ओढून घ्यायचा तर त्या ओल्या तोंडाला हात लावावा लागला असता.

शेवटी मामांच्या बायकोला राहवलं नाही. पाहुण्याचा फेटा खराब होतोय म्हणून ती धावत पुढे आली आणि तिने रेडकाच्या तोंडावर चापट मारली. "वझीने, सोड. सोड म्हंते न्हवं."

आणि सर बोलले. मला वाटलं होतं, माफी मागतील किंवा निदान काहीतरी बहाणा सांगतील. घोटाभर शेणात उभं राहून, बाहीवरून ती लड खाली ओघळत असताना, त्यांनी मामांच्या बायकोकडे बघून डोळे बारीक केले.

"झाडातला झ," ते म्हणाले. "झेंड्यातला नव्हे."

मामांनी रेडकाच्या तोंडातून शेमला हळूच सोडवला, स्वतःच्या धोतराला पुसला आणि पुन्हा सरांच्या पाठीवर नीट सोडला.

"तिला चालतंय की, सर," मामा म्हणाले.

त्यानंतर मी हेर्लेकर सरांना पाहिलं नाही. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते, ते त्यांनी रजेवर काढले आणि निरोप समारंभाला नको म्हणून कळवलं. दिनकररावांना मी नावाचा अर्थ सांगून आले. ते म्हणाले, बिडाची अक्षरं आहेत मॅडम, आता काय काढायची, वाचतंय कोण. फाटकावर ती अजून आहेत. स्टाफरूमच्या फळ्यावर चौगुले सर आता सामन्यांची वेळापत्रकं लिहितात. टेबल मी बदलून घेतलं.

मला आठवतात ते गोठ्यातून बाहेर पडतानाचे सर. जेवायला थांबले नाहीत. फेटा तसाच डोक्यावर, काढायचा तर त्याला हात लावावा लागला असता म्हणून असेल, त्यावरून रेनकोटची टोपी बसेना, म्हणून भिजत स्कूटरपाशी गेले. नारळ डिकीत टाकला. खिशातून किल्ली काढली आणि सवयीने कानापर्यंत नेली. मग ती कानात घालून दोनदा फिरवली, टोकाला काय आलंय ते चष्मा वर करून पाहिलं, सीटच्या खाली पुसलं आणि स्कूटर सुरू करून निघून गेले.